न निवडण्याचं काम

मोजणीच्या टेबलावर ती माझ्या शेजारी बसली होती. आमच्या बियाणं तपासायच्या लॅबमध्ये नवीन होती, पण हात चांगला होता. चिमटा घट्ट आवळत नव्हती, दाणा उडवत नव्हती. पुढ्यात गव्हाच्या शुद्ध बियांचा ढीग आणि ओल्या कागदावर उगवणीला लावायच्या शंभर दाण्यांच्या दहा-दहाच्या रांगा. मी बियांच्या वजनाच्या नोंदी करत होते आणि मधूनमधून तिच्याकडे नजर जात होती, तेवढ्यात एक दाणा तिच्या चिमट्याखाली आला. सुरकुतलेला, एका बाजूला खोल खळगा, भ्रूणाकडचं, म्हणजे जिथून कोंब फुटतो ते टोक काळसर. चिमटा क्षणभर थबकला, त्या दाण्याला वळसा घालून पुढच्या टपोऱ्या दाण्यावर गेला आणि रांग पूर्ण झाली. मी विचारलं, "तो का सोडलास?" ती म्हणाली, "कुठला?" बनवाबनवी नव्हती, तिला खरंच कळलं नव्हतं. मी दाखवल्यावर ती जरा ओशाळली, मग म्हणाली, "पण मॅडम, तो तसाही उगवणार नाहीच की." मी म्हटलं, "म्हणून तर तो शंभरात हवा." तिने निमूटपणे ढीग पुन्हा मिसळला आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं. प्रसंग तेवढाच. पण त्या चिमट्याचं थबकणं माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना.

कारण त्यात तिचं काही चुकलं असं मला मनापासून वाटत नव्हतं. बी हातात आलं की चांगलं उचलायचं आणि हिणकस बाजूला सारायचं, याच सवयीवर शेती उभी आहे. रानातल्या गव्हाची ओंबी पिकली की फुटून दाणे विखरून जातात. ज्या मोजक्या झाडांची ओंबी फुटत नव्हती त्यांचे दाणे माणसाच्या हाती अधिक लागले, पुढच्या हंगामात तेच पेरले गेले, आणि असं होत होत दाणे धरून ठेवणारा गहू तयार झाला. पुढे मोठा दाणा, लवकर येणारा दाणा, एकसारखा दाणा. दहा-एक हजार वर्षं माणसाची बोटं हेच करत आली. आणि आम्ही चाचणीच्या टेबलावर त्याच बोटांना सांगतो की बाई गं, आता निवडू नकोस. जे समोर येईल ते घे. पोचट आलं तर पोचट, कीडकं आलं तर कीडकं. ऐकायला सोपं वाटतं, पण हे काम शिकायला काटा वापरण्यापेक्षा, ओव्हन लावण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

मला ज्यांनी शिकवलं ते सर मोजताना ढिगाच्या एका कडेपासून सुरुवात करायचे आणि पट्टीने ओळ आखल्यासारखे पुढे सरकायचे. ढिगाच्या मधे हात घालायचा नाही, हा त्यांचा दंडक. मधे हात घातला की डोळा काम करायला लागतो, म्हणायचे. तेव्हा मला तो म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटायचा.

हट्टामागचा हिशेब नंतर कळला. बीजपरीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे गव्हाचा एक लॉट, म्हणजे एकत्र तपासायची बियाण्याची रास, जास्तीत जास्त ३०,००० किलोचा असू शकतो. हजार दाण्यांचं वजन साधारण ४० ग्रॅम धरलं तर एवढ्या लॉटमध्ये ७५ कोटी दाणे होतात. त्यातले आम्ही उगवणीला लावतो ४००. शंभराचे चार संच. वजन केलं तर १६ ग्रॅम, मुठीच्या तळाशी राहतील एवढे. या १६ ग्रॅमवरून ३० टनांचं भवितव्य ठरतं. पेरलं जाणार की गिरणीत जाणार, हे ते चारशे दाणे सांगणार. मग त्यातला एक दाणा चिमट्याने टाळला तर तिकडे लॉटमध्ये जवळपास १९ लाख दाणे टाळल्यासारखं होतं. असला त्रैराशिकाचा हिशेब संख्याशास्त्रवाल्यांना आवडणार नाही, मला ठाऊक आहे. पण नवीन माणसाला समजावताना मी तो बिनदिक्कत वापरते.

चारशेपर्यंत पोचायची वाट लांब आहे. लॉटमधल्या वेगवेगळ्या पोत्यांत, वेगवेगळ्या खोलीवर पोकळ नळी खुपसून थोडं थोडं बी काढायचं, ते एकत्र करायचं, त्यातून लॅबकडे किलोभर गहू पाठवायचा. बी प्रवासात हिंदकळतं, बारीक आणि जड दाणे खाली बसतात, काड्या आणि हलकं पोचट वर येतं. पिशवी उघडून वरचं ओंजळभर घेतलं तर एक लॉट दिसतो, तळाचं घेतलं तर दुसराच. म्हणून पहिल्यांदा सगळा नमुना विभाजकातून काढायचा. आमच्याकडचा विभाजक शंकूचा आहे. वरच्या चाडीत बी ओतायचं, झडप उघडली की ते शंकूवर पडून चहूबाजूंनी घसरतं, खालच्या खाचांमधून आळीपाळीने वाटलं जातं आणि दोन तोंडांतून दोन भांड्यांत पडतं. झडप उघडल्यावर जो आवाज होतो तो मला फार आवडतो. आधी पत्र्यावर एकदम सर, मग शेवटच्या दहा-वीस दाण्यांची टिपटिप. दोन्ही भांडी एकत्र करून पुन्हा ओतायचं, पुन्हा एकदा. मग निम्मं ठेवायचं, निम्म्याचं निम्मं करायचं, गव्हासाठी १२० ग्रॅमपर्यंत यायचं. भुशाची बारीक धूळ नाकात जाते, शिंका येतात. मोहरीसारखं बी असेल तर खाचेत एखादा दाणा अडकून राहतो आणि पुढच्या नमुन्यात परका पाहुणा म्हणून सापडतो, तेव्हा दर नमुन्यानंतर ब्रश आणि हवेचा झोत. कंटाळवाणं आहे. पण इथे हाताला निवडायला वावच नाही, म्हणून मला या टप्प्यावर हलकं वाटतं.

पुढच्या टेबलावर मात्र निवडावंच लागतं. शुद्धतेच्या चाचणीत १२० ग्रॅमचे तीन ढीग करायचे: शुद्ध बी, दुसऱ्या वनस्पतींचं बी, आणि माती-खडे-काड्या. भिंगाखाली, मऊ उजेडात, पातळ पट्टीने एकेक दाणा सरकवत. आणि गंमत अशी की इथल्या 'शुद्ध' बियांची व्याख्या शेतकऱ्याच्या डोळ्याला बिलकूल पटणारी नाही. सुरकुतलेलं बी शुद्ध. अपक्व, खुरटं, रोगट, अगदी आधीच मोड आलेलं बीसुद्धा शुद्ध, फक्त ते त्याच पिकाचं आहे हे ओळखता आलं पाहिजे. तुटलेला दाणा मूळ आकाराच्या निम्म्याहून मोठा असेल तर तोही शुद्ध. त्यात भ्रूण आहे की नाही हे बघायचंच नाही! म्हणजे भ्रूणाकडचं टोक उडालेला, कधीही न उगवणारा गव्हाचा पाऊण दाणा सन्मानाने शुद्ध बियांच्या ढिगात जाणार, तिथून मोजणीत येणार, ओल्या कागदावर झोपणार आणि आठव्या दिवशी 'मृत' म्हणून मोजला जाणार. पहिल्यांदा हा नियम वाचला तेव्हा मला तो खुळ्यासारखा वाटला होता. आता वाटतं की ज्याने लिहिला त्याला माणसाचं मन पक्कं ठाऊक होतं. दोन टेबलांची कामं त्याने वेगळी केली. इथे फक्त 'कोण आहे' ते विचारायचं, 'जगेल का' हे विचारायचं नाही. एकदा का ते इथे विचारायची मुभा दिली की मग प्रत्येक टेबल आपापल्या परीने लॉट सुधारत बसेल आणि शेवटी कागदावर येईल तो गहू कुठल्याच पोत्यात सापडणार नाही.

असल्या काटेकोरपणाला इतिहास आहे, आणि तो काही फार सभ्य नाही.

१८६९ साली जर्मनीत, ड्रेस्डेनजवळच्या थारांट गावी फ्रीडरिख नोब्बे यांनी बियाणं तपासायचं केंद्र सुरू केलं. जगातली पहिली बीजपरीक्षण प्रयोगशाळा म्हणून त्याचंच नाव घेतात. त्या काळी बियाण्याच्या व्यापारात काय काय चालत होतं ते वाचलं की हसावं की रडावं कळत नाही. क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाच्या बियांत त्याच मापाचे, रंगवलेले बारीक खडे मिसळत. आणि त्याच वर्षी ब्रिटनने भेसळीविरुद्ध जो कायदा केला त्यात गुन्हा म्हणून दोन गोष्टी घातल्या आहेत: बियाणं रंगवणं आणि बियाणं मारणं. मारणं म्हणजे मुद्दाम, कृत्रिम उपायांनी त्याची उगवणशक्ती नष्ट करणं. का, तर सलगमसारख्या महागड्या बियांत दुसरं स्वस्त, दिसायला तसंच बी मिसळायचं, पण ते शेतात उगवलं तर चोरी उघडी पडणार. तेव्हा मिसळण्याआधीच त्याला मारून टाकायचं. न उगवलेलं बी साक्ष देत नाही. मला हा तपशील कळल्यापासून 'मृत' या रकान्यात आकडा लिहिताना कधीकधी उगाच मनात येतं, हे मेलं की मारलं? आता असं कुणी करत असेल असं नाही, पण मळणीयंत्राचा वेग वाढवला, पोती उन्हात पत्र्याच्या छपराखाली ठेवली, बी ओलं असतानाच कडक तापवून सुकवलं, की तेही मारणंच झालं. फक्त त्यात हेतू नसतो.

ओलाव्याचं काम सगळ्यांत घाईचं. त्याचा नमुना वेगळा येतो, हवाबंद डब्यात, आणि डबा उघडला की घड्याळ सुरू होतं, कारण बी लगेच खोलीतल्या हवेशी देवाणघेवाण करायला लागतं. गहू दळायचा, झाकणाच्या छोट्या डब्यांत घालून वजन करायचं, १३० अंशांवर दोन तास ठेवायचं. मक्याला चार. ओव्हनचं दार उघडल्यावर भाजक्या पिठाचा वास येतो आणि त्या वासाने दरवेळी भूक लागते, याची मला थोडी लाज वाटते. डबे डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, निववायचे, पुन्हा वजन, वजाबाकी. बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ नियम आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो: ओलावा एक टक्क्याने उतरला की बियांचं आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. ठरावीक मर्यादेतच खरा, पण ओलाव्याचा आकडा आला की मी मनातल्या मनात बाकीचा निकाल वर्तवून टाकते. हेही निवडणंच. डोकं आधी निकाल लावतं आणि मग हात त्या निकालाच्या दिशेने झुकतो. म्हणून ज्याने ओलावा काढला त्याने त्याच नमुन्याची उगवण मोजू नये असं मला वाटतं. असा काही नियम नाही, मनुष्यबळ पुरतं तिथे मी तो पाळते.

मग यंत्राने मोजा ना, असं कुणीही म्हणेल. आमच्याकडे हवेच्या ओढीवर चालणारं मोजयंत्र आहे. शंभर भोकांची ताटली, मागून हवा ओढली की प्रत्येक भोकाला एकेक दाणा चिकटतो, ताटली कागदावर उलटी केली, ओढ बंद केली, की शंभर दाणे नीट अंतरावर पडतात. पण ताटली सरळ बियांच्या ढिगात बुडवली तर हलके दाणे आधी चिकटतात! म्हणून बी ताटलीवर ओतून सगळीकडे पसरायचं आणि मगच हवेची ओढ सुरू करायची. नवीन मुलांना हे सांगितलं की ती हसतात. म्हणजे माणसाचा हात टपोऱ्याकडे जातो आणि यंत्राचा पोचटाकडे. दोघांनाही आवरावं लागतं.

यापुढचं काम मला सगळ्यांत जास्त आवडतं आणि त्याचाच सगळ्यांत जास्त त्रास होतो. टेट्राझोलियम नावाच्या क्षाराची चाचणी. उगवणीला गव्हाला आठ दिवस, भाताला चौदा. तेवढा वेळ नसेल, किंवा बी जिवंत असूनही झोपलेलं असेल, तर रंगावरून विचारता येतं. जर्मनीतल्या होहेनहाइममध्ये गेओर्ग लाकोन यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत बसवली. त्याआधी ते सेलेनियमचे विषारी क्षार वापरत होते. मक्याचे दाणे रात्रभर भिजवायचे. सकाळी ते फुगून, चकचकीत होऊन बसलेले असतात, टरफलाखाली भ्रूणाची फिकट ढाल स्पष्ट दिसते. पातं नवीन हवं. दाणा अंगठा आणि तर्जनीत धरायचा, ढाल वर, आणि पातं तिच्या बरोबर मधून उभं उतरवायचं. आधी किंचित चिवट लागतं, मग एकदम मऊ, मग खाली कडक पिठाळ भाग लागतो आणि बोटाला कळतं की आता जपून. दोन अर्धे भाग उघडतात. आत भावी कोंब आणि भावी मूळ, पानांच्या बारीक घड्यांसकट, उभे चिरलेले. एक अर्ध ठेवायचं, एक टाकायचं. आणि इथेही, शपथेवर सांगते, हात सुबक चिरलेल्या अर्ध्याकडेच जातो. मी ठरवून टाकलंय, कायम डावं.

टेट्राझोलियमचं एक टक्क्याचं द्रावण पाण्यासारखं नितळ असतं. अर्धे भाग त्यात बुडवून तीस अंशांवर अंधारात ठेवायचे, कारण उजेडात ते स्वतःच बिघडतं. जिवंत पेशी श्वास घेते, त्यात जो हायड्रोजन सुटतो तो या क्षाराला लाल करतो, आणि तो लाल रंग पाण्यात विरघळत नाही, जिथल्या तिथे बसतो. दोन-तीन तासांनी ताटली बाहेर काढली की जिवंत भ्रूण गुलाबी-लाल झालेलं असतं, मेलेलं पांढरंफटक राहतं. मधले सगळे प्रकार वाचायला डोळा लागतो. मार बसलेल्या जागी गडद, जांभळट डाग. मुळाचं टोक रंगलं नाही पण बाजूच्या मुळांच्या जागा रंगल्या, तर मका तरून जातो. कोंब रंगला नाही तर संपलं. किती भाग पांढरा चालेल आणि कुठला, हे पिकागणिक ठरलेलं आहे, त्याच्या आकृत्या भिंतीवर लावलेल्या आहेत. सगळं ठीक. पण जो दाणा सर्वांत सुंदर रंगला, ज्याच्याबद्दल मी छातीठोकपणे लिहिते की हा जगला असता, तोही मीच सकाळी चिरलेला असतो. संध्याकाळी सगळ्या ताटल्या एकाच बादलीत जातात. जनुकपेढ्यांमध्ये, जिथे एखाद्या वाणाचे थोडेच दाणे शिल्लक असतात, तिथे दर काही वर्षांनी हे दाणे खर्च करावेच लागतात, नाहीतर शीतपेटीत आपण काय जपतोय तेच कळणार नाही. तिथल्या माणसांचा हात पातं उतरवताना कसा होत असेल, याचा मी बरेचदा विचार करते.

तयारीत बी मरू शकतं, ही आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. कोरडं सोयाबीन थेट पाण्यात टाकलं की टरफलाखालचा भाग इतक्या झपाट्याने पाणी ओढतो की पेशींची आवरणं फाटतात, आतला ऐवज पाण्यात उतरतो, पाणी गढूळ होतं. बी चांगलं होतं, आपण मारलं. म्हणून ते ओल्या कागदाच्या घड्यांत रात्रभर ठेवून हळूहळू भिजवायचं. उलट काही द्विदलांचं टरफल पाणी आत घेतच नाही, आठवडा झाला तरी दाणा खड्यासारखा. त्याला भ्रूणापासून लांबच्या बाजूला पात्याने बारीक टवका मारावा लागतो. ताज्या गव्हाला झोप असते, त्याला ओल्या कागदावर काही दिवस पाच ते दहा अंशांच्या थंडीत ठेवलं की जाग येते. कशाला पोटॅशियम नायट्रेटचं ०.२ टक्क्याचं पाणी, कशाला आधी कोरडी ऊब. नियमांत हे सगळं बसतं. पण कुठला शेतकरी पेरण्याआधी बी फ्रिजमध्ये ठेवतो? मी हे अनेकदा मोठ्याने विचारलंय. उत्तर मिळतं की आपण शेत मोजत नाही, क्षमता मोजतो. बरोबर आहे. तरी एकीकडे पोचट दाणा टाळू नकोस म्हणून सांगायचं आणि दुसरीकडे झोपलेल्याला इतक्या लाडाने उठवायचं, यात मला कुठेतरी कुरकुर ऐकू येते. मी ती मिटवायचा प्रयत्न सोडून दिलाय.

आठवा दिवस. उगवणीला लावलेल्या कागदांच्या गुंडाळ्या उलगडायच्या. ओल्या कागदाचा, कोवळ्या मुळांचा तो थोडासा उग्र, हिरवा वास. रकाने चार: नॉर्मल, ॲबनॉर्मल, न उगवलेलं ताजं, मृत. चार संचांचे आकडे एकमेकांशी जुळायला हवेत, पण किती जुळायला हवेत यालाही तक्ता आहे. सरासरी ८५ असेल तर सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या संचात १४ पर्यंत फरक चालतो. नवीन माणसं फरक दिसला की घाबरतात. मी उलट ८५, ८५, ८५, ८५ आले की घाबरते. खरं बी इतकं शिस्तीत वागत नाही. चारही संच हुबेहूब आले तर मी पहिल्यांदा विचारते, मोजलं कुणी?

आणि एवढं सगळं करून आमची सत्ता लॅबच्या दारापर्यंतच. आंतरराष्ट्रीय दाखल्यांचे दोन रंग आहेत. मान्यताप्राप्त माणसाने लॉटमधून रीतसर नमुना काढून मोहोरबंद केला असेल तर नारिंगी, तो निकाल पूर्ण लॉटचा. कुणी स्वतःच पिशवी भरून आणून दिली तर निळा, निकाल फक्त हातात आलेल्या नमुन्याचा. निळ्या कामाच्या पिशव्यांत अधूनमधून एक अशी येते की उघडताक्षणी समजतं. दाणा न् दाणा टपोरा, एक काडी नाही, एक तुटका नाही, तळाला चिमूटभर धूळसुद्धा नाही. कुणीतरी घरी बसून, चांगल्या उजेडात, मनापासून निवडलेलं असतं. आम्ही ते विभाजकातून तीनदा काढतो, कडेपासून मोजतो, ताटलीवर पसरून मगच हवेची ओढ सुरू करतो. परवाच्या अशाच एका नमुन्याची उगवण ९८ आली. मी ९८ लिहिलं, खाली 'निकाल फक्त प्राप्त नमुन्यापुरता' हे छापील वाक्य होतंच, सही केली आणि निळा कागद पाकिटात घातला.